पेट स्कॅनमध्ये दुसरीकडेच डाग दिसला तर? नेहमी येणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पांढरकवड्याच्या बाजूला गाव आहे, कापूस-तुरीचं वावर आहे. बाबांच्या गालाच्या कॅन्सरपायी दोन वर्षं गाव-नागपूर-गाव केलं आणि तेव्हापासून आजूबाजूच्या गावातलं कोणी पेशंट निघालं की "भाऊ, तू चाल ना सोबत" असं होऊन राहिलं, कारण लोकांना वाटते याला सगळं समजते. सगळं नाही समजत. पण रात्री दहाला फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, त्यातही सगळ्यात जास्त हाच की स्कॅन केला होता एका जागेसाठी आणि रिपोर्टमध्ये निघालं भलतीकडेच काहीतरी. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. तुमच्या पेशंटबद्दल शेवटचं तुमचे डॉक्टरच सांगतील, हे फक्त त्यांना काय विचारायचं ते समजायसाठी.

पेट स्कॅन म्हणजे पोटाचा स्कॅन ना? मग आमच्या बुढ्याच्या तोंडाच्या कॅन्सरला पोटाचा स्कॅन काऊन सांगितला?

हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारला की आता हसू येत नाही. आपल्याकडे हिंदीतला पेट सगळ्यांना माहीत, त्यामुळे हा घोळ. हा पेट वेगळा, पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक नावातली पहिली अक्षरं जोडून झालेला. हातात एक सुई देतात, त्यात साखरेसारखं औषध असते, एफडीजी म्हणतात त्याला, आणि त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं असते. शरीरात जिथं पेशी जास्त साखर खातात तिथं ते जाऊन बसते आणि मशीनमध्ये ती जागा चमकते. कॅन्सरच्या बहुतेक गाठी साखर जास्त ओढतात म्हणून त्या चमकतात. सोबत सिटी स्कॅनही होतो, म्हणून पेट सिटी. साधारण डोक्याच्या कवटीच्या बुडापासून अर्ध्या मांडीपर्यंत सगळं एका दमात पाहून घेतात आणि म्हणूनच गालासाठी गेलेल्या माणसाचं आतडं, थायरॉइड, फुप्फुस सगळंच उघडं पडते.

रिपोर्टमध्ये दुसऱ्या जागी डाग लिहिला आहे. म्हणजे पसरला ना? चौथी स्टेज ना?

थांबा. इथंच सगळ्यात मोठी चूक होते आणि आमच्या घरी ती होता होता राहिली.

बाबांचा स्कॅन झाला, गाल चमकला, मानेत एक गाठ चमकली, ते तर अपेक्षितच होतं. पण खाली अजून दोन ओळी होत्या, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला एक डाग आणि मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला खाली एक. रिपोर्ट घेऊन येताना मी एका ओळखीच्या डॉक्टरांना वाटेतच दाखवला, त्यांनी दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, फुप्फुसात आहे, आतड्यात आहे, चौथी स्टेज आहे, कायले पैसा घालता, घरी न्या आणि सेवा करा. जामच्या चौकात बस थांबली होती, बाबा खिडकीजवळ बसून संत्रं सोलत होते आणि मला म्हणाले, "काय म्हणते रे डॉक्टर?" मी म्हटलं, काही नाही, अजून एक टेस्ट सांगितली. खोटं बोललो होतो पण निघालं तेच खरं.

कारण पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट पाहून सांगितलं की तोंडाचा कॅन्सर आतड्यात जाऊन बसणं फार म्हणजे फारच क्वचित होते, तो आधी मानेच्या गाठीत जाते, मग फुप्फुसात. त्यामुळे आतड्यातला डाग पसरलेला नसून वेगळाच काही असू शकतो, तपासल्याशिवाय स्टेज लिहिणार नाही. दुर्बीण घालून आतड्यातून तुकडा काढला तर तो निघाला आतड्याचा स्वतःचा कॅन्सर, लवकरच्या अवस्थेतला. फुप्फुसातून सुईने तुकडा काढला, तिथं निघाला टीबी! म्हणजे एका रिपोर्टमधले तीन डाग आणि तिन्हीचे तीन वेगळे अर्थ. चौथी स्टेज कुठंच नव्हती.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असते, की पेटवर दुसरीकडे डाग आला आणि त्याच्यावरून इलाजच बदलणार असेल, तर तुकडा तपासल्याशिवाय "पसरला" हा शब्द कोणाच्याही तोंडून मान्य करू नका. पसरला म्हटलं की इलाजाचा रस्ताच बदलते, बरं करायच्या ऐवजी फक्त त्रास कमी करायचं ठरते. आणि दोन वेगवेगळे कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडले तर दोन्ही बरे होऊ शकतात. कधीकधी डॉक्टर तुकडा न काढताच पसरलं म्हणतात, जसं दोन्ही फुप्फुसांत, लिव्हरमध्ये, हाडांत सगळीकडे दिसते तेव्हा. तेव्हा ते बरोबरच असू शकते. पण एकुलता एक डाग, तो पण अशा जागी जिथं तो कॅन्सर सहसा जात नाही, तिथं प्रश्न विचाराच.

पण एकाच माणसाला दोन-दोन कॅन्सर? असं होते का कधी?

होते. याला सेकंड प्रायमरी म्हणतात, म्हणजे पहिल्यातून फुटून आलेला नाही, स्वतःच्या जागी स्वतः उगवलेला. एकाच वावरात पऱ्हाटीवर बोंडअळी आली आणि बांधावरच्या तुरीवर शेंगअळी आली तर एकीतून दुसरी झाली असं आपण म्हणतो का? तसंच. दोन्ही एकदम किंवा सहा महिन्यांच्या आत सापडले तर डॉक्टर सिंक्रोनस म्हणतात, त्यानंतर सापडला तर मेटाक्रोनस.

पेट सिटी केलेल्या पेशंटपैकी शंभरात साधारण एक-दोघांना असा न शोधता सापडलेला दुसरा कॅन्सर पक्का होतो. संशयाचे डाग त्याहून बरेच जास्त जणांना दिसतात आणि त्यातले पुष्कळ काहीच नसतात.

आपल्या भागात याचं एक मोठं कारण पानठेल्यावर लटकलेलं असते. खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला, आणि दिवसातून आठ-दहा पुड्या. तंबाखू काही गालाच्या एका कोपऱ्याला धरून बसत नाही, तोंड, घसा, अन्ननलिका हे सगळंच वर्षानुवर्षं त्यात भिजते. बिडी असेल तर फुप्फुसही. १९५३ साली स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे नमुने तपासून हेच मांडलं की गाठीच्या आजूबाजूची साधी दिसणारी कातडीही बिघडलेली असते, त्याला फील्ड कॅन्सरायझेशन म्हणतात. फील्ड म्हणजे आपलं वावरच की. एका जागचं तण उपटलं तरी जमीन तीच राहते.

बाकी कारणंही आहेत. काही घराण्यांत जीनमध्येच दोष उतरतो, त्यात एकाच बाईला स्तनाचा आणि अंडाशयाचा, किंवा आतड्याचा आणि गर्भपिशवीचा असं होऊ शकते. आधीच्या शेकामुळे, म्हणजे रेडिएशनमुळे, बऱ्याच वर्षांनी होऊ शकते. स्तनाच्या कॅन्सरसाठी जी टॅमोक्सिफेनची गोळी देतात तिच्यामुळे गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढते, म्हणून पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं तर ते लपवू नका, आमच्या एका मावशीने चार महिने लाजेपायी सांगितलं नव्हतं. तिची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, तिचा फायदा मोठा आहे. आणि वय. माणसं जास्त जगतात, पहिल्या कॅन्सरमधून वाचतात, तर दुसरा व्हायला वेळ मिळतो. हे ऐकायला विचित्र वाटते पण आहे तसंच.

मग डॉक्टरांना कसं समजते की हा पसरलेला आहे की वेगळा?

फार जुना नियम आहे, १९३२ साली वॉरेन आणि गेट्स यांनी सांगितलेला, आजही त्याच्याच आधाराने बोलतात. दोन्ही गाठी कॅन्सरच्याच पाहिजेत, दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या पाहिजेत आणि एक गाठ दुसरीतून पसरून आली असण्याची शक्यता निकालात निघाली पाहिजे.

प्रत्यक्षात पॅथॉलॉजीवाले डॉक्टर मायक्रोस्कोपखाली पेशीची जात पाहतात. गालाचा बहुतेक वेळा स्क्वॅमस असतो, आतड्याचा बहुतेक वेळा अ‍ॅडेनोकार्सिनोमा. जात वेगळी निघाली की विषय संपला, जसं बाबांचं झालं. जात समजत नसेल तर त्याच तुकड्यावर आयएचसी नावाची तपासणी करतात, त्यात वेगवेगळे रंग चढवतात आणि पेशी मूळच्या कुठल्या हे बरंच समजते. टीटीएफ-१ चा रंग चढला तर मूळ गाव फुप्फुस किंवा थायरॉइड असायची शक्यता जास्त, असं.

खरी पंचाईत होते तोंडाचा स्क्वॅमस आणि फुप्फुसातही स्क्वॅमस निघाला तेव्हा. दोघांचं रूप सारखं. तेव्हा सिटीमध्ये गाठ कशी दिसते ते पाहतात, एकटीच आहे आणि काटेरी कडांची आहे तर फुप्फुसाचीच असेल असं वाटते, गोल गोल बऱ्याच आहेत तर पसरलेल्या वाटतात. मोठ्या ठिकाणी जीनची तपासणी करूनही ताडून पाहतात. आणि काही वेळा शेवटपर्यंत शंभर टक्के सांगता येत नाही, मग चार-पाच डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तुमची केस ट्यूमर बोर्डात ठेवली का हे विचारायला काही पैसे लागत नाहीत.

सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर भडकते म्हणतात. आमचे सोयरे नाही म्हणून राहिले.

सोयरे इलाजाला सोबत येणार आहेत का ते आधी विचारा.

गंमत सोडा. बायोप्सीने कॅन्सर भडकत नाही. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं काही ठरावीक गाठींत क्वचित घडते, डॉक्टरांना ते माहीत असते आणि ते त्या हिशोबाने सुई घालतात. लोकांना भडकल्यासारखं वाटते कारण आपण बायोप्सीला पोचतोच उशिरा, तोवर तो वाढतच असतो, आणि नाव सुईचं होते.

चमकलं म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. साखर खाणाऱ्या पेशी फक्त कॅन्सरच्या नसतात. सूज, पू, इन्फेक्शन, नुकतीच झालेली बायोप्सी, भरून येत असलेली जखम, सगळं चमकते. किडलेला दात चमकते, आणि खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात किडलेले दात किती असतात ते सांगायची गरज नाही. दंडावर लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी चमकतात. मेंदू, मूत्रपिंड, लघवीची पिशवी तर रोजच चमकतात, हृदयही पुष्कळदा चमकते, ते नॉर्मल आहे. तोंडाला शेक दिल्यानंतर तर सूज बरेच दिवस राहते, म्हणून केमो-शेक संपल्यावर तपासायचा पेट साधारण १२ आठवड्यांनी करतात. घाई करून आधीच केला तर उगाच जीव टांगणीला लागते.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा फसवणारा म्हणजे टीबी. फुप्फुसातला टीबी, छातीतल्या गाठीतला टीबी, पेटवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, किती चमकते त्या आकड्यावरूनही फरक करता येत नाही. विदेशातली पुस्तकं वाचून कोणी म्हणालं की फुप्फुसात चमकलं म्हणजे पसरलं, तर त्याला आपल्या गावात आणा आणि दर दहा घरांत एखादा जुना टीबीवाला दाखवा. बाबांना स्वतःला आठवत नव्हतं की टीबी झाला कधी. खोकला होता पण तो बिडीचा समजून सोडून दिलेला.

मानेचं थायरॉइड चमकते लिहिलं आहे. आता हे काय नवीन?

हे पुष्कळांना निघते, शंभर स्कॅनमध्ये एक-दोन तरी. पूर्ण थायरॉइड सारखी चमकत असेल तर बहुतेक वेळा ती थायरॉइडची सूज असते, रक्ताची तपासणी करून गोळी लागते किंवा नाही लागत. एकाच ठिपक्यात चमकत असेल तर मात्र सोनोग्राफी करून सुईची तपासणी लागू शकते, कारण अशा ठिपक्यांपैकी साधारण तीनातला एक कॅन्सर निघतो. पण तोंडाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार समोर असताना थायरॉइडचा बारका संथ कॅन्सर निघाला तर पुष्कळदा डॉक्टर म्हणतात हा थांबू द्या, आधी मोठ्याचं पाहू. ते दुर्लक्ष नाही.

आणि आतड्यात चमकलं तर?

पूर्ण आतडं लांबच्या लांब चमकत असेल आणि पेशंटला शुगर असेल तर आधी विचारा की मेटफॉर्मिनची गोळी चालू होती का, तिच्यामुळे आतडं असं चमकते. पण एकाच जागी गोळा झाल्यासारखं चमकत असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायला सांगतील आणि ती करा. तिथं पुष्कळदा पॉलिप निघतात, म्हणजे आज कॅन्सर नाही पण उद्या होऊ शकते असे कोंब, ते दुर्बिणीतूनच कापून टाकता येतात. बाबा कोलोनोस्कोपीला दोन दिवस नाही म्हणत होते, "तिकडून नळी घालणार? मी मरतो त्यापेक्षा." मग मायने हाताळलं, कसं ते मला माहीत नाही, सकाळी स्वतः फाईल घेऊन तयार.

रिपोर्टमधले शब्द समजत नाहीत, जरा सोपे करून सांगा.

एफडीजी अ‍ॅव्हिड म्हणजे चमकते आहे, बस्स. एसयूव्ही मॅक्स म्हणजे किती चमकते त्याचा आकडा, तो मोठा म्हणजे कॅन्सर आणि छोटा म्हणजे नाही असं धरू नका, टीबीचा आकडा दहाच्या वर जाऊ शकतो. नॉन-अ‍ॅव्हिड म्हणजे दिसते आहे पण चमकत नाही. लाइकली इन्फेक्टिव म्हणजे वाचणाऱ्याला इन्फेक्शन वाटते. सेकंड प्रायमरी टू बी रूल्ड आऊट असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दुसरा कॅन्सर आहे असा नाही, दुसरा नाही ना हे तपासून घ्या असा आहे. याच एका ओळीवरून माझ्याकडे रडत रडत फोन आले आहेत. एचपीई कोरिलेशन म्हणजे तुकडा तपासा. आणि क्लिनिकल कोरिलेशन म्हणजे पेशंटला पाहून ठरवा, जे स्कॅनवाले डॉक्टर बंद खोलीत बसून करू शकत नाहीत.

पेट क्लीन आला. आता सुटलो ना?

बरीच चांगली गोष्ट आहे, पण काही कॅन्सर साखर कमी खातात. प्रोस्टेटचे बरेच, लिव्हरचे काही, किडनीचे काही, जठराचा एक प्रकार, हे पेटवर लपून राहतात. अगदी बारीक गाठही सुटते. म्हणून गिळताना अडकत असेल, लघवीतून रक्त जात असेल, वजन घटत असेल तर "पेटमध्ये तर काही नव्हतं" म्हणून बसू नका.

कॅन्सर साखर खाते तर साखर, गूळ, भात बंद केला तर तो उपाशी मरेल ना?

कॅन्सरची पेशी साखर जास्त वापरते हे ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, पेट त्याच्यावरच चालतो. पण तुम्ही भात सोडला तर शरीर स्वतः साखर बनवते, स्नायू वितळवून बनवते. पेशंट उपाशी मरते, कॅन्सर नाही. शुगर असेल तर तिचं पथ्य पाळा, ते वेगळं.

स्कॅनच्या आधी काय काय सांभाळायचं?

हे नीट वाचा, कारण सेंटरवाले फोनवर भरभर सांगतात आणि आपण "हो हो" म्हणतो.

चार ते सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. चहा नाही, अर्धा कपही नाही. रक्तातली शुगर साधारण २०० च्या आत पाहिजे, नाहीतर परत पाठवतात, म्हणून शुगरची गोळी आणि इन्सुलिन कधी घ्यायचं हे आधी विचारून कागदावर लिहून घ्या, मेटफॉर्मिनचं खास विचारा.

आदल्या दिवशी अंगमेहनतीचं काम नाही. हे आपल्या लोकांना कोणी फोडून सांगत नाही. एक काका आदल्या दिवशी दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी करून आले, म्हणे उद्या तर दिवस वायाच जाणार, आज उरकून घेतो. स्कॅनमध्ये दोन्ही खांदे, दंड चमकून राहिले. स्नायू थकला की साखर ओढतो. कापूस वेचणी असो की डवरणी, एक दिवस राहू द्या. सुई दिल्यावर साधारण तासभर एका खोलीत बसवतात, तेव्हा बोलायचं नाही, मोबाईलवरही नाही, आणि तोंडात काही चघळायचं नाही. खर्रा तर नाहीच नाही! जबडा चालत राहिला तर जबड्याचे स्नायू चमकतात आणि गालाचा कॅन्सर पाहायचा कसा. थंडीत अंगावर शाल असू द्या, कुडकुडलं की मानेखांद्याकडची एक प्रकारची चरबी चमकते आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात.

आणि वेळ. या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी अर्धी होते. सायक्लोट्रॉन नावाच्या मशीनवर ते बनते, देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन मुंबईला परळमध्ये २००२ साली सुरू झाला, आता बऱ्याच ठिकाणी आहेत. पण औषध साठवून ठेवता येत नाही, त्या दिवशीचं त्या दिवशीच. म्हणजे तुम्ही दोन तास उशिरा पोचले तर तुमच्या वाट्याचं अर्धं हवेत गेलं. सकाळची वेळ दिली असेल तर आदल्या रात्रीच नागपूरला मुक्काम करा. पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आम्ही एकदा राहिलो, वडकीजवळ टायर बसला आणि तारीख चार दिवस पुढे.

घरी लहान लेकरू आहे, सून पोटुशी आहे. स्कॅननंतर बुढा जवळ आला तर चालते का?

त्या दिवसापुरतं दूर ठेवा. अकरा तासांत त्याची ताकद चौसष्टातला एक भाग उरते, शिवाय लघवीतून बरंच निघून जाते, म्हणून भरपूर पाणी पाजा. दुसऱ्या दिवशी नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या. गरोदर बाईला स्वतःला स्कॅन सांगितला असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर सुईच्या आधी सांगायचं, लाजायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईनेही सांगायचं.

मला काही आजार नाही. नागपूरला फुल बॉडी स्कॅनचं पॅकेज आहे म्हणते, करून घेऊ का? एकदाची भीती तरी जाईल.

माझं मत विचाराल तर नाही. आणि माझंच नाही, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचीच संघटना, तिने २०२३ मध्ये सांगितलं की लक्षणं नाहीत, घराण्यात काही नाही, धोक्याचं काही नाही अशा माणसाने पूर्ण शरीराचा स्कॅन करून आयुष्य वाढते याचा पुरावा नाही. भीती जात नाही, वाढते. कारण प्रत्येकाच्या शरीरात काही ना काही निघतेच, लिव्हरमध्ये पाण्याची गाठ, फुप्फुसात जुना व्रण, आणि मग प्रत्येकाच्या मागे सोनोग्राफी, सुई, परत तीन महिन्यांनी स्कॅन. दक्षिण कोरियात चेकअपमध्ये थायरॉइडची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली तर २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं, आणि त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथंच. म्हणजे हजारोंच्या गळ्यावर सुरी फिरली, पुष्कळांना गरज नसताना. शिवाय पेट सिटीमध्ये किरणांचा डोस १० ते २५ मिलीसिव्हर्टपर्यंत जातो, निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळतात साधारण अडीच. कॅन्सरच्या पेशंटला तो घेणं परवडते, धडधाकट माणसाने कायले घ्यायचा.

काही अपवाद आहेत, ली-फ्रॉमेनी नावाचा आनुवंशिक दोष असलेल्या घरांत दरवर्षी पूर्ण शरीराचा एमआरआय करतात, त्याला कारण आहे. तुम्हाला काही तपासायचंच असेल तर गालफडं उघडून आरशात पाहा, पांढरा चट्टा, न भरणारं छालं, तोंड उघडायला तीन बोटं जात नाहीत असं काही आहे का. याला पैसे लागत नाहीत. तेवढं दिसलं तर सरकारी दवाखान्यात दाखवा.

दोन कॅन्सर निघाले तर आधी इलाज कोणाचा?

ज्याच्यापासून जिवाला आधी धोका त्याचा, एवढं सोपं करून मला सांगितलं होतं. बाबांचं तोंडाचं ऑपरेशन आधी झालं, मग आतड्याचं दुर्बिणीने, मग गालाला शेक, आणि टीबीच्या गोळ्या सहा महिने मधल्या मध्ये चालूच. दोन्ही कॅन्सरची स्टेज वेगवेगळी लिहितात, बेरीज करत नाहीत. एक डॉक्टर गळ्याकडचा, एक पोटाचा, दोघं एकमेकांशी बोलले पाहिजेत, आणि ते बोलत नसतील तर मधला निरोप्या तुम्ही. एकाने दिलेली चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायचीच.

पैशाचं कसं?

स्कॅन प्रायव्हेटमध्ये दहा हजारांच्या वर जातो, ठिकाणानुसार फरक आहे, दोन-तीन जागी फोन करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती व्हायच्या आधी त्याच्याकडे जा, काय बसते काय नाही हे तोच सांगेल. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं असू द्या, आमच्या बाबांच्या नावात एका जागी "राव" होतं आणि दुसऱ्या जागी नव्हतं, तीन दिवस त्यात गेले. दुसऱ्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी आम्हाला कागद नव्याने टाकावे लागले, म्हणून दोन्ही आजारांचे बायोप्सी रिपोर्ट वेगवेगळे मागून घ्या. एसटीत बायांचं अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना फुकट, सोबतीला मायला नेणं त्यामुळे परवडते, आणि तिचं ऐकतातही.

पेशंटला सांगायचं का, की दुसराही निघाला?

मी नव्हतं सांगितलं. आठवडाभर. मग बाबांनी स्वतःच विचारलं, "गालाचा आजार आहे तर हे लोक माह्यं पोट काऊन पाहून राहिले?" अडाणी माणूस असला तरी शरीर त्याचं आहे, त्याला समजते. सांगितल्यावर ते पाच मिनिटं गप्प होते आणि मग म्हणाले, "दोन आहेत तर दोन काढा, ठेवता कायले." माझाच आठवडा वाया गेला.

आता झालाच कॅन्सर, खर्रा सोडून काय फायदा?

वर वावराचं सांगितलं ना. तण उपटून झालं आणि बी परत तुम्हीच टाकून राहिले. तोंडाचा पहिला बरा झाल्यावरही जे खात राहतात त्यांना दुसरा व्हायचा धोका सोडणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, आणि शेक चालू असताना खाल्ला तर शेकाचाही गुण कमी येते. वार्डात बाबांच्या बाजूच्या खाटेवरचा एक तरणा पोरगा, नाकात नळी असताना, भावाला म्हणत होता नुसता वास तर घेऊ दे. सवय अशी असते, म्हणून नुसतं रागावून होत नाही, सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडायसाठी मदत मिळते ती मागा.

सगळे रिपोर्ट सांभाळून ठेवायचे? किती दिवस?

कायमचे. आणि फक्त कागद नाही, स्कॅनची सीडी मागून घ्या, कारण पुढच्या स्कॅनमध्ये डाग दिसला की पहिला प्रश्न असतो आधी होता का. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडही मागता येतात, दुसरीकडे दाखवायला लागले तर पुन्हा तुकडा काढायची पाळी येत नाही. फक्त ते ब्लॉक मेणाचे असतात, आपल्या उन्हाळ्यात टिनाखाली ठेवले की खराब होतात. आमचे मायने ज्वारीच्या कोठीच्या बाजूला, थंड जागी, स्टीलच्या डब्यात ठेवले आहेत आणि डब्यावर खडूने लिहिलं आहे, "हात लावू नये. खायचं नाही."